जुन्या कॉम्प्युटरवर गेम अडकतोय? प्रोसेसर बदलण्याआधी हे तपासून पाहा

ऑनलाइन अर्ज भरायला आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी म्हणून घरात एक सेकंड हँड डेस्कटॉप येतो. काही दिवसांत त्यावर ‘जीटीए ५’ टाकला जातो आणि तो अडकत अडकत चालतो. मग कोणीतरी मित्र सांगतो, “आय५ काढ, आय७ टाक. एकदम मख्खन चालेल!”

धर्माबादसारख्या तालुक्याच्या गावात हा सल्ला महागात पडू शकतो. पार्ट ऑनलाइन मागवायचा किंवा नांदेडला जायचं. जास्त दुकानं पालथी घालायची असतील, तर रेल्वेने सिकंदराबाद गाठून तिथल्या सीटीसी मार्केटमध्ये फिरायचं. आणलेला प्रोसेसर चाललाच नाही, तर बदलून घ्यायला पुन्हा तेवढीच पायपीट. त्यामुळे पैसे मोजण्याआधी घरच्या घरी थोडी तपासणी करणं शहाणपणाचं.

गेम नेमका कशामुळे अडकतो?

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची कामं वेगळी असतात. रस्त्यावरच्या गाड्या कुठे वळणार, गोळी कोणाला लागली, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. ते दृश्य रंगवून पडद्यावर आणण्याचं काम ग्राफिक्स कार्डचं. दोघांपैकी जो मागे पडतो, त्याच्या वेगाने गेम चालतो.

मागे कोण पडतंय, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. गेमच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक बंद करा आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा, पाहा. आता रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करा. एफपीएस चांगलाच वाढला, तर ग्राफिक्स कमी पडतंय. जवळपास तेवढाच राहिला, तर अडचण प्रोसेसरची असण्याची शक्यता जास्त.

सोबत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. रॅम पूर्ण भरलेली आणि डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल, तर आधी रॅम वाढवा. प्रोसेसरचा एकूण आकडा ५०-६० टक्के दिसला तरी गाफील राहू नका. एखादाच कोअर पूर्ण भरला तरी गेम अडकतो. आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा पाहता येतो.

आय५ काढून आय७ टाकल्यावर किती फरक पडतो?

२०१२ मध्ये आलेल्या दोन प्रोसेसरांचं उदाहरण घेऊ. आय५-३४७० मध्ये ४ कोअर आणि ४ थ्रेड आहेत. आय७-३७७० मध्ये कोअर ४च, थ्रेड मात्र ८. कमाल वेग ३.६ वरून ३.९ गिगाहर्ट्झ होतो. म्हणजे पिढी तीच, वेगात आठ-नऊ टक्क्यांची भर. अनेक थ्रेड वापरणाऱ्या गेममध्ये फरक जाणवेल, पण सगळीकडे नाही.

गंमत म्हणजे, २०१५ मध्ये पीसीवर आलेल्या मूळ ‘जीटीए ५’साठी कंपनीने शिफारस केलेला प्रोसेसर आय५-३४७० हाच होता! सोबत जीटीएक्स ६६० हे ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅम सांगितली होती. ऑफिसातून निघालेल्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा वेगळं ग्राफिक्स कार्डच नसतं. तिथे आय७ टाकून उपयोग काय?

मग प्रोसेसर कधी बदलावा?

जुन्याचे कोअर खूपच कमी असतील तेव्हा. आय३-२१२० मध्ये फक्त २ कोअर आहेत. त्याजागी ४ कोअरचा प्रोसेसर बसला, तर फरक नक्की दिसतो.

एएमडीच्या एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड असेल, तर आणखी चांगलं. २०१७ च्या रायझन ५ १६०० च्या जागी २०२२ चा रायझन ५ ५६०० अनेक बोर्डांवर चालतो. कोअर ६च राहतात, पण प्रत्येक कोअर बराच वेगवान होतो.

इंटेलच्या बाबतीत नुसतं सॉकेटचं नाव पाहू नका. एलजीए ११५१ या नावाचा सॉकेट सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीतही आहे, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या बोर्डवर चालत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर बोर्डच्या मॉडेल नंबरखाली चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. त्या यादीत नाव असेल तरच खरेदी करा.

अनेकदा नव्या प्रोसेसरसाठी आधी बायोस अपडेट करावं लागतं. ते चालू असताना लाइट गेली, तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो. आपल्याकडच्या विजेचा भरवसा लक्षात घेता, यूपीएस नसेल तर हे धाडस करू नका.

विंडोजचं काय?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो. तिसऱ्या पिढीच्या आय५ ऐवजी त्याच पिढीचा आय७ टाकला, तरी तुम्ही त्या रेषेच्या अलीकडेच राहता. ‘व्हॅलोरंट’ तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय सुरूच होत नाही.

खर्च कोणत्या क्रमाने करावा?

सुरुवात साफसफाईपासून. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. पंख्यात धूळ साचलेली आणि थर्मल पेस्ट वाळलेली असेल, तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. ब्रश आणि नवी पेस्ट हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड.

मग रॅम. एकच ८ जीबीची पट्टी असेल, तर तशीच दुसरी जोडा. एसएसडीमुळे गेम लवकर उघडतो, एफपीएस मात्र फारसा वाढत नाही. त्यानंतर ग्राफिक्स कार्ड, पण घेण्याआधी एसएमपीएसची क्षमता आणि कॅबिनेटमधली जागा पाहा. कार्ड घेतलंत, तर पुढे कॉम्प्युटर बदलल्यावरही ते बहुधा कामी येतं. जुन्या सॉकेटचा प्रोसेसर मात्र त्या बोर्डसोबतच संपतो.

म्हणून शेवटचा हिशेब साधा ठेवा. प्रोसेसरची किंमत तुमचा अख्खा कॉम्प्युटर आज विकला तर मिळेल त्या रकमेच्या जवळ जात असेल, तर थांबा. ते पैसे बाजूला ठेवा आणि पुढच्या कॉम्प्युटरसाठी साठवा. तोवर सेटिंग ‘लो’ करून खेळा. अर्ज भरायला आणि अभ्यासाला लागणारं मशीन तरी शाबूत राहील.