डोळे पिवळे नाहीत, तरी हेपेटायटिस सी?

रक्तदान केलेल्या माणसाला रक्तपेढीतून फोन येतो, तेव्हा घरचे चक्रावतात. कावीळ कधी झालीच नाही, भूक चांगली आहे, मग हेपेटायटिस सी कुठून आला? यकृत बिघडलं की डोळे पिवळे होणारच, हा आपल्याकडचा पक्का समज. पण या विषाणूची लागण झालेल्या बहुतेकांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. सुमारे ७० टक्के लोकांमध्ये तो शरीरात ठाण मांडतो आणि वीस-वीस वर्षं गप्प राहतो. थकवा येतो, पण तो कामाच्या दगदगीवर ढकलला जातो. कधी पायांवर लालसर-जांभळे ठिपके उठतात. त्यांचा यकृताशी संबंध असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

‘एसजीपीटी नॉर्मल आहे’ हा यकृताच्या रक्तचाचणीवरून मिळणारा दिलासाही फसवा ठरू शकतो. रिपोर्ट नॉर्मल असतानाही आत सूज आणि व्रण असू शकतात.

सुईने काढलेला यकृताचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की आतली पडझड दिसते. रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका जिथे शेजारी-शेजारी असतात, तिथे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची दाटी होते. काही ठिकाणी त्यांचे गोल पुंजके बनतात. जवळची पित्तनलिका दुखावलेली असते. मधूनच मेलेली, आक्रसलेली, गडद गुलाबी यकृतपेशी दिसते. तंतुमय ऊती निळी दाखवणारं रंजक वापरलं, तर एका भागातून दुसऱ्या भागाकडे सरकणारे निळे पट्टे उठून दिसतात. त्या पट्ट्यांनी यकृताच्या गाठी-गाठी पाडल्या, की तो सिरॉसिस.

काही पेशींत चरबीचे थेंबही असतात. तेवढ्यावरून रुग्णाला दारुडा ठरवणं अन्यायाचं आहे. भारतात सर्वाधिक आढळणारा विषाणूचा ३ क्रमांकाचा प्रकार स्वतःच यकृतात चरबी साठवतो. दारूने व्रण झपाट्याने वाढतात, हे मात्र खरं.

अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच, असंही नाही. विषाणू निघून गेला तरी अँटीबॉडी राहतात. खरा निवाडा रक्तात प्रत्यक्ष विषाणू शोधणाऱ्या आरएनए चाचणीचा. या अँटीबॉडी संरक्षण देत नाहीत, म्हणून बरं झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते. लस अजून नाही. एका ताटात जेवल्याने किंवा मिठी मारल्याने हा आजार पसरत नाही. तो रक्तातून पसरतो.

आणि ‘यावर इलाज नाही’ हा समज तर आता कालबाह्यच. विषाणूचा शोध १९८९चा; त्या कामाला २०२०मध्ये नोबेल मिळालं. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्षभर सोसावी लागत. आता साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात. सिरॉसिस आधीच झालेला असेल, तर त्यानंतरही कर्करोगाच्या शंकेने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवीच.

पूर्वी कधी रक्त चढवलं असेल, डायलिसिस चालू असेल, एकच सुई अनेकांना टोचली गेली असेल किंवा उघड्यावर गोंदवून घेतलं असेल, तर एकदा तपासणी करून घ्या. हेपेटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८पासून ठरावीक सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.