टीव्ही चपटा, मग बिल का फुगीर?

टीव्हीच्या दुकानात सगळे पडदे सारखेच पातळ आणि सारखेच चकचकीत दिसतात. विक्रेता माप सांगतो, हप्ता सांगतो. वीज किती लागेल हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. भगिनींनो, किंमत एकदाच मोजायची असते, बिल दर महिन्याला येतं!

हिशेब अगदी सोपा आहे. १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की १ युनिट. समजा, ४३ इंची एलईडी टीव्ही ८० वॅट घेतो आणि रोज ५ तास चालतो. महिन्याला झाले १२ युनिट.

आता प्रकार पाहू. एलसीडी आणि एलईडी हे मुळात भाऊभाऊच. दोघांचाही पडदा एलसीडीचाच. फरक मागच्या उजेडाचा. जुन्या एलसीडीत बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्या असत, एलईडीत छोटे दिवे असतात आणि ते कमी वीज खातात. ओलेड टीव्हीत मागे दिवाच नसतो. पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. त्यामुळे काळोख्या दृश्याला वीज कमी, पण भर उन्हातली क्रिकेटची मॅच लावली की जास्त. महाग आहे म्हणजे वीज वाचवणारा असेलच, असं मुळीच समजू नका.

सगळ्यात खादाड तो प्लाझ्मा. २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी तो बनवणं थांबवलं, तरी काही घरांत अजून आहे. दिरांनी नवा टीव्ही घेतला आणि जुना प्लाझ्मा तुम्हाला फुकट देऊ केला, तर ‘हो’ म्हणण्याआधी पाठीमागचा आकडा वाचा. तो २५० वॅटचा असेल, तर त्याच ५ तासांना महिन्याला ३७ युनिटच्या वर जातील. फुकटचा पाहुणा महागात पडतो, तो असा!

मापाचाही मोह आवरायला हवा. ५५ इंची पडदा ३२ इंचीच्या दुप्पटही वाटत नाही, पण त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट असतं. तेवढा पडदा उजळायला वीज लागणारच. खोली लहान असेल तर एवढा पडदा हवा कशाला?

आणि शेजारचा सेट-टॉप बॉक्स? रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो जागाच असतो. १० वॅटचा बॉक्स दिवसरात्र चालू राहिला, तर महिन्याला ७ युनिट! म्हणून झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय घरात सगळ्यांनाच लावा. पडद्याचा झगझगीतपणाही थोडा कमी ठेवा. डोळ्यांनाही बरं वाटतं.

महाराष्ट्रात घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो. ज्यांचं बिल या काठावर असतं, त्यांना दहा-वीस युनिटांचीही मोठी किंमत पडते. तेव्हा दुकानात ताऱ्यांचं लेबल असेल तर त्यावरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा आधी वाचा, आणि मगच रंग कसे दिसतात ते पाहा.