शब्द बरोबर, सूर वेगळा

१९७० च्या दशकात ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये भारत-पाकिस्तानातल्या काही स्त्रिया नव्याने कामाला लागल्या. थोड्याच दिवसांत त्या उद्धट आहेत, अशी कुरकुर सुरू झाली. उलट त्या स्त्रियांना वाटे, लोक आपल्याला कमी लेखतात.

भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी तिथले बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासले. मांस घेणाऱ्याला वर रस्सा हवा का, हे विचारताना इंग्रज बाई एकच शब्द म्हणे, ‘ग्रेव्ही?’ आणि सूर वर नेई. या स्त्रिया तोच शब्द सूर खाली उतरवून म्हणत. इंग्रजी कानाला तो प्रश्न वाटतच नसे. ‘ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या’ असे वाटे. ध्वनिमुद्रण ऐकवल्यावरही आधी त्या म्हणाल्या, दोन्ही सारखेच आहे. फरक समजल्यावर मात्र लोक असे का वागतात, याचा उलगडा झाला. सूर उतरवून विचारणे ही त्यांची नेहमीची रीत आहे, हे वरिष्ठांनाही कळले. १९७९ साली बीबीसीने याच विषयावर ‘क्रॉसटॉक’ हा कार्यक्रम दाखवला.

असे का होते? आवाजातील भावना ओळखण्यात मेंदूच्या उजव्या भागाचा वाटा मोठा असतो. शब्द आणि व्याकरण मुख्यतः डावा भाग सांभाळतो. शिवाय सूर फार लवकर रुजतो. २००९ च्या एका अभ्यासात फ्रेंच नवजात बाळांचे रडणे चढत्या, तर जर्मन बाळांचे उतरत्या चालीचे आढळले. म्हणून दुसऱ्या भाषेचे शब्द पाठ होतात, पण खाली चाल मातृभाषेचीच राहते.

मराठीत ‘आमटी वाढू का?’ यातला ‘का’ प्रश्न उघड करतो. ‘घ्या ना’ यातला ‘ना’ आग्रह दाखवतो. इंग्रजीत एकशब्दी प्रश्नाला असा आधार नसतो. सगळा भार सुरावर पडतो.

सेफेर तोरामध्येही पठणाच्या खुणा, म्हणजे तआमीम, लिहिलेल्या नसतात. कुठे थांबायचे, काय जोडायचे, हे वाचणारा आधी शिकून येतो.

व्याकरण चुकले तर लोक म्हणतात, इंग्रजी कच्चे आहे. सूर चुकला तर म्हणतात, माणूस वाईट आहे. आजीचे इंग्रजी तुटक वाटले, तर नातवंडांनी आधी तिचा सूर मराठी आहे हे आठवावे. आजीनेही ‘टी?’ विचारताना सूर थोडा वर न्यावा.