ऊसतोडणी : कोयत्यामागील कष्ट आणि कसब

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, तसेच पाथर्डी-शेवगाव भागातील मजूर कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पुढील चार-पाच महिने फडात काढावयाचे असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. हिशेब जोडीचा होतो, त्यामुळे बाईच्या कष्टाचे वेगळे मोल कागदावर दिसत नाही.

तोडणी हे अंगमेहनतीचे काम आहेच, पण ते कसबाचेही आहे, हे बागायतदार बंधूंनी ध्यानात घ्यावे. पक्व उसात साखरेचे प्रमाण बुडख्याकडील कांड्यांत जास्त व शेंड्याकडे कमी असते. म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. बुडखे उंच राहिले तर साखर शेतातच राहते; शिवाय खोडव्याचे फुटवे जमिनीवरच्या डोळ्यांतून येऊन कमजोर निघतात. आता जमिनीलगत घाव घालायचा म्हणजे कंबरेत पूर्ण वाकणे आले, तेही दिवसभर. याचा सर्वाधिक ताण खालच्या मणक्यांवर पडतो. पाचटाने हात आणि मान चिरते ते वेगळेच.

त्यानंतर मोळ्या. जोडीने दिवसाला २ टन ऊस तोडला व एक मोळी ३५ किलोची धरली, तर सुमारे ५७ मोळ्या डोक्यावरून वाहून गाडीत भराव्या लागतात. ट्रक असेल तर अरुंद फळीवरून चढून. गाडी रात्री आली तर रात्री.

आजारपणात काम चुकले तर 'खाडा' धरून पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा पाळीच्या दिवसांतही विश्रांती न मिळणे हे त्यामागील एक कारण म्हणून सांगितले गेले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. पण पाणी आणि सावली दरपत्रकात नसते.

तोडणीला जादा पैसे मागतात, ही बागायतदारांची तक्रार खोटी नाही. तरीही फडातल्या काही गोष्टी आपल्याच हाती आहेत. तोडणीपूर्वी सुमारे १५ दिवस उसाचे पाणी तोडावे, म्हणजे जमीन वाळून गाडी आत येते व डोक्यावरची वाहतूक कमी होते. बांधावर पिण्याचे स्वच्छ पाणी ठेवावे. तहान लागण्याची वाट न पाहता ते थोडे थोडे प्यावयास सांगावे. घामाने फार थकवा आल्यास १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून द्यावे. मीठ यापेक्षा जास्त घालू नये.