परतीच्या गॅसचा गारवा: कुठे कामाचा, कुठे नाही

गैरसमज: सक्शन लाइनला हीट एक्स्चेंजर बसवला की कोणत्याही शीतयंत्राची वीज वाचते.

वस्तुस्थिती: ते आत कोणता गॅस आहे त्यावर ठरते. कूलिंग कॉइलमधून सक्शन लाइनने कॉम्प्रेसरकडे परतणारा गॅस थंडगार असतो, कंडेन्सरमधून निघालेला द्रव गरम. दोन्ही नळ्या एकमेकींना भिडवल्या की द्रव निवतो आणि कॉइलमध्ये किलोमागे जास्त उष्णता शोषतो. जाहिरातीतला हिशेब बहुधा इथेच थांबतो. पण तापलेला गॅस विरळ होतो आणि कॉम्प्रेसर दर फेरीला ठरावीक आकारमानच ओढतो. म्हणजे वजनाने गॅस कमी फिरतो.

कंडेन्सर ४० अंशांवर आहे आणि उणे २० अंशांचा परतीचा गॅस अधिक २० पर्यंत तापवला, असे धरा. वजनातली घट आर-१३४ए आणि अमोनिया दोन्हींत सुमारे १५ टक्के. आर-१३४एमध्ये किलोमागची शीतनक्षमता सुमारे २५ टक्के वाढते, म्हणून कागदावर ६ टक्के तरी हाती राहतात. अमोनियात वाढ जेमतेम ९ टक्के, म्हणजे घाटाच. अमोनियाची सुप्त उष्णता मुळातच इतकी मोठी, की द्रव निववून तिच्यात फारशी भर पडत नाही. शिवाय त्याचा डिस्चार्ज, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा गॅस, आधीच शंभर अंशांच्या बराच वर. सक्शन तापवली की तो आणखी चढतो. भारतातली बहुतेक मोठी शीतगृहे अमोनियावर चालतात, त्यामुळे तिथल्या मालकांनी हे गणित आधी पाहावे.

गैरसमज: सक्शन तापवायचीच, तर नळी उघडी ठेवली तरी चालेल.

वस्तुस्थिती: मुळीच नाही. खोलीच्या हवेने गॅस विरळ होतो, द्रव मात्र निवत नाही. हा निव्वळ तोटा.

गैरसमज: एक्स्चेंजर जितका मोठा तितका बरा.

वस्तुस्थिती: लांब, अरुंद वाटेत सक्शनचा दाब पडतो. मिळालेले ६ टक्के त्यातच जिरू शकतात, विशेषतः डीप फ्रीझरमध्ये. तिथे दाब मुळातच कमी असतो. शिवाय बंद डब्यातल्या कॉम्प्रेसरची मोटरही परतीच्या याच गॅसने थंड राहते; तो फार तापवला तर मोटर तापते, हे विसरू नये.

गैरसमज: ही कारखान्यांची भानगड, घरच्या फ्रिजला हे नसते.

वस्तुस्थिती: असते. सक्शनच्या नळीला लांबवर डाख देऊन चिकटवलेली बारीक कॅपिलरी हाच तो एक्स्चेंजर. दुरुस्तीत कॅपिलरी बदलली, तर नवी मोकळी लोंबकळत सोडू देऊ नका; सक्शनला चिकटवून वरून इन्सुलेशन गुंडाळून घ्या.