एकाच प्रतीचा धोका

सोलापुरात राहून संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीची हकिगत नुकतीच कानी आली. प्रबंधाचे चौथे प्रकरण तिने सायंकाळी महाविद्यालयातील संगणकावर पुरे केले आणि यंत्र बंद करून ती घरी गेली. रात्री घरच्या लॅपटॉपवर तेच प्रकरण उघडले, तो तेथे चार दिवसांपूर्वीचा मजकूर! इंटरनेट दिवसभर तुटक असल्याने सायंकाळचे लेखन ‘क्लाउड’पर्यंत पोहोचलेच नव्हते. जतन करण्यात आपलीच चूक झाली असावी, अशी समजूत करून घेऊन तिने जुन्या मजकुरावरच पहाटेपर्यंत काम केले. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयातील यंत्र सुरू होताच एकाच नावाच्या दोन फाइली समोर उभ्या राहिल्या. त्यांतील अनावश्यक वाटणारी एक तिने पुसून टाकली. ती कोणती, हे वाचकांस सांगावयास नको. प्रकरण मार्गदर्शकांकडून दीड महिन्याने परत आले, तेव्हा कितीएक तळटीपा गायब असल्याचे उघडकीस आले. आणि कचरापेटीतील फाइलही तोवर मुदत संपून नाहीशी झालेली होती.

या प्रकारात कोणाचाही दुष्टावा नाही. घोटाळा आहे तो समजुतीचा. ‘क्लाउडवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे,’ असे आपले शिक्षक, कारकून, विद्यार्थी सर्रास मानतात. वस्तुतः ‘सिंक’ करणे म्हणजे आरसा धरणे होय. आपण हसलो की आरसा हसतो, आपण कपाळावरचे कुंकू पुसले की आरशातलेही पुसले जाते. एका यंत्रावर फाइल खोडली, की तिचे सर्व जोडलेल्या यंत्रांवरून उच्चाटन होते. आरशाला प्रत म्हणणे ही मूळ चूक.

खरी प्रत म्हणजे काय, हे सोलापूरकरांनी तरी दुसऱ्या कोणाकडून शिकावयास नको. ‘षट्खंडागम’ या प्राचीन जैन सिद्धान्तग्रंथावरील वीरसेनाचार्यांची ‘धवला’ ही टीका नवव्या शतकातील. तिचा विस्तार ७२ हजार श्लोकांएवढा मानला जातो. शतकानुशतके तिची ताडपत्रे दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्री येथेच होती. पूजा होत असे, दर्शन होत असे, वाचन मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी ती पाहिली व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांना कळविले. हिराचंद स्वतः तेथे गेले, आणि पुढे १८९६च्या सुमारास नक्कल करण्याचे काम सुरू झाले. ते काम वर्षानुवर्षे चालले. नक्कलकार गजपती उपाध्याय यांनी गुपचूप आणखी एक कानडी प्रत स्वतःजवळ ठेवली. ती सहारनपूरला गेली, तेथे तिची नागरी प्रत झाली, आणि तीवरून झालेल्या नकला अमरावती, कारंजा, आरा अशा गावोगाव पसरल्या. त्या गुप्तपणाचे समर्थन करावे की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु १९३९ साली प्रा. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड छापला, तो अशा नकलांच्याच आधारे. पुढे त्याची सुधारित आवृत्ती सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने काढली.

या इतिहासात एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नकलांत चुका होत्या, ओळी गळल्या होत्या. पण नक्कलकाराची चूक उलट्या पावली मूडबिद्रीच्या ताडपत्रावर जाऊन बसली नाही! म्हणूनच एका सूत्रातील ‘संजद’ या शब्दावरून वाद माजला, तेव्हा मूळ ताडपत्र उघडून निवाडा करता आला. आमच्या विद्यार्थिनीपाशी उघडून पाहावे असे ताडपत्रच उरले नव्हते.

मोठ्या कंपन्यांच्या व्यवस्थेतही असे घडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरील आवृत्तीत दोष निघाला आणि कित्येकांना आपल्या अलीकडच्या महिन्यांतील फाइली दिसेनाशा झाल्या. कंपनीने पुढे त्या परत मिळविण्याची सोय दिली हे खरे, पण तोपर्यंतचे दिवस लिहिणाऱ्याने कसे काढावे? या सेवेत टाकलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते. प्रबंधाच्या आयुष्यात ३० दिवस म्हणजे काय, हे ज्यांनी तो लिहिला त्यांस विचारावे.

क्लाउडवर बहिष्कार घाला, असे आमचे म्हणणे नाही. उन्हाळ्यात भर दुपारी वीज जाणाऱ्या गावी तर त्याचा उपयोगच आहे. मात्र लिहिण्याची फाइल यंत्राच्या स्वतःच्या तबकडीवर असावी, केवळ नाव दिसते आणि मजकूर ‘ऑनलाइन’ आहे अशी नसावी. एक यंत्र बंद करण्यापूर्वी सिंक पुरे झाल्याची खूण पाहावी, आणि तोवर दुसऱ्या यंत्रावर तीच फाइल उघडू नये. ‘स्क्रिव्हनर’सारख्या लेखनसाधनात तर एक प्रकल्प म्हणजे शेकडो लहान फाइलींचे गाठोडे असते, ते अर्धेच पोहोचले तर उघडणेही कठीण. दर आठवड्याला नावात तारीख घालून वेगळी प्रत करावी व ती सिंकच्या फोल्डरबाहेर, पेनड्राइव्हवर ठेवावी. तो पेनड्राइव्हही लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे, दुसऱ्या घरी असावा. प्रकरण पुरे झाले की कागदावर छापून घ्यावे. कागदाला पासवर्ड लागत नाही. जुन्या शिवाजी वा तत्सम फाँटांत टंकलेले लेखन असेल, तर ते युनिकोडमध्ये आणून ठेवावे, नाहीतर फाइल जिवंत राहूनही अक्षरे मरतात.

ती विद्यार्थिनी सध्या चौथ्या प्रकरणाच्या तळटीपा नव्याने जुळवीत आहे. त्यासाठी रोज सायंकाळी ती हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसते, आणि उतरून घेते ते वहीत.