जुन्या नकाशावरून बांध ठरत नाही

भिवंडी : धामणकर नाक्यावरून वाड्याला निघालं की वाटेत जिल्हा बदलतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. त्याआधी भिवंडी, वाडा दोन्ही तालुके ठाण्यातच होते. म्हणून इंग्रजांच्या काळच्या नकाशात ही जिल्हा हद्द शोधू नका.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १ इंचाला १ मैल मापाच्या रंगीत नकाशात तपकिरी रेषा डोंगराची उंची दाखवतात, निळा रंग पाणी. जुना ओढा, पायवाट, पाडा त्यात सापडतो, पण कोणाचा बांध कुठे ते नाही. अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर सुमारे १०० फूट!

बांधाचा वाद असेल तर गाव नकाशा, सातबारा काढा आणि भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या.